दादांनी डावा हात पुढं केला

मंडळी, मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू अन् बहुतेकांचं बोलणं सांभाळतो, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो.

आज सकाळी मुकुंदवाडीतल्या आमच्या घरी सत्यनारायण होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रसादाला डावा हात पुढं केला. पाहुण्यांदेखत मी खेकसलो, "दादा, उजवा हात! एवढंबी कळंना व्हय?"

ते गप्पच. मला वाटलं, रुसले.

तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, दादांचं तोंड वाकडं झालंय!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लक्षणं कधी दिसली?" मी खेकसलो तेव्हाच दिसत होती.

लकवा आहे. दादांना अजून बोलता येत नाही. वाचा परत आली, की पहिली शिवी त्यांनी मलाच द्यावी.