दीड तारा आणि एक चानकी

सिद्राम बनसोडे यांनी उभी हयात होटगी जंक्शनावर पॉइंट्समन म्हणून काढली. एवढी वर्षं हिरवा आणि लाल झेंडा हाताळल्यावर माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टी दोनच प्रकारच्या दिसू लागतात: जाऊ द्यायच्या आणि थांबवायच्या. निवृत्तीनंतर ते सोलापुरात बुद्धविहारामागच्या गल्लीत राहायला आले. झेंडे रेल्वेला परत केले, सवय मात्र बरोबर आली. आणि गेल्या वर्षी त्यांनी पोटच्या पोरीला जो लाल झेंडा दाखवला, तो अजून खाली घेतला नव्हता.

धम्मप्रिया हैदराबादला असते. परदेशी सिनेमातली माणसं, पाखरं, राक्षस संगणकावर हलते करायचे, हे तिचं काम. चांगुणाबाई, म्हणजे तिची आई, दवाखान्यात होती तेव्हा असाच एक सिनेमा हातावेगळा होत आला होता. "एवढं देऊन टाकते आणि निघते," असं पोरगी रोज फोनवर सांगायची, आणि उशाशी ठेवलेल्या फोनला चांगुणाबाई म्हणायच्या, "ये तुझ्या सवडीनं." मरणाला मात्र कुणाच्या सवडीची पडलेली नसते. धम्मप्रिया पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती.

सिद्राम तिला एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून फोनवर तीनच वाक्यं उरली. "जेवलीस का? बरी हायस का? ठेवतो."

मनात मात्र एक प्रश्न फिरत राहिला: आईच्या वर असं काय होतं त्या पिच्चरमध्ये? तो एकदा डोळ्यांनी बघायचा आणि मग पोरीचं काय ते ठरवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पिच्चर आला तो शिव्या खातच आला. रात्र नसलेल्या गावात एका पोस्टमनची सावली हरवते आणि तो ती शोधत फिरतो, अशी काहीतरी गोष्ट. मासे छत्रीत राहतात, जिने समुद्रावरून चालत जातात. परदेशातल्या कुणी त्याला तापातली बडबड म्हटलं. मुंबईच्या एका विदुषीला त्यात भांडवलशाही दिसली आणि तिनं कौतुक केलं. आपल्या सोलापूरच्या पुरवणीत सिनेमावर लिहिणाऱ्या दिग्विजयनं तर हिशेबच मिटवला: 'म्हातारी चंद्र घडवते, इथवर कल्पना समजते. पण चंद्र घडवून झाल्यावर ती उरलेल्या धुळीतून दुसरा चिमुकला चंद्र कशासाठी घडवते, याचं उत्तर बहुधा दिग्दर्शकापाशीही नसावं. दीड तारा.'

हा पिच्चर आपटावा असं ज्यांना मनापासून वाटत होतं, ते सिद्राम हे वाचून चहा तसाच टाकून उठले.

"दीड? आमच्या पोरीला दीड?"

शेजारच्या निंगव्वाक्का तांदूळ निवडत होत्या. अक्कलकोटकडच्या, वयानं थोरल्या, आणि चांगुणाबाईंच्या जिवाभावाच्या. "येनप्पा सिद्रामा, तूच म्हनत हुतास न्हवं, पडू दे म्हनून?"

"म्या म्हनंन. मी बाप हाय. ह्यो कोन लागून गेला?"

"मग चल, बघून येऊ. मी बी येते."

दुपारच्या खेळाला थिएटरात मोजकीच माणसं. त्यातली निम्मी गारव्याला आलेली. पडद्यावर छत्रीतले मासे आले, जिने चालू लागले. निंगव्वाक्कांनी पहिल्यांदा "ह्ये काय?" विचारलं, मग "ह्ये का?" विचारलं, आणि मग शेंगा काढल्या. सिद्राम ताठ बसून होते, गाडी यायच्या वेळी केबिनबाहेर उभं राहावं तसे.  ह्या माशांसाठी? ह्या जिन्यांसाठी तिनं आईला वाट बघायला लावली?

मग अंधार झाला. ढगातून दोन हात खाली आले, नुसते हात, डोंगराएवढे. त्यांनी चांदण्यांची धूळ गोळा केली, मळली, गोळा केला आणि थापायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप, आणि गर्रकन फिरवणं.

"अय्यो! भाकरी थापायलीय की गं ही!" निंगव्वाक्का मोठ्यांदा म्हणाल्या. सगळं थिएटर हसलं.

सिद्राम हसले नाहीत. त्यातल्या एका हाताची करंगळी वाकत नव्हती. प्रत्येक थापेला ती एकटी उभी राहत होती. लहानपणी उखळात सापडून चेचली गेलेली करंगळी असावी, तशी.

आणि नेमका तिथंच इंटर्वल झाला. परदेशी सिनेमात इंटर्वल नसतो, तेव्हा आपले ऑपरेटर समोसे तळून झाले की तो पाडतात. दिवे लागले. चंद्र थापायचा अर्धाच राहिला.

"अक्का," सिद्राम खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाले, "करंगळी बघितलीस?"

निंगव्वाक्का शेंगा विसरल्या होत्या. "बघितली."

मग त्याच म्हणाल्या, "तुझा बाप गेला तवा तू कुटं हुतास रं?"

"केबिनमधी. सुट्टी द्यायला येनारा रिलीव्हर आला न्हवता. गाडी सोडून येतो व्हय?"

"मग तिचा रिलीव्हर आला हुता व्हय?"

समोशाचा वास आला, पण सिद्रामांना उठावंसं वाटलं नाही.

दिवे गेले. पडद्यावरच्या हातांनी तयार चंद्र काळ्या आभाळावर टाकला आणि वरून ओला हात फिरवला. पाच बोटांच्या पुसट रेघा उमटल्या, एक जरा तिरकी. मग त्या हातांनी परातीच्या कडेची उरलेली धूळ निपटून काढली, एवढासा गोळा केला आणि दोनच बोटांनी हलक्या हातानं थापला. दिग्विजयला न उमगलेला दुसरा चंद्र तो हाच.

"चानकी!" मागून एक बाई म्हणाली. पलीकडून कुणीतरी तेच म्हणालं. परातीत उरलेल्या पिठाची लेकरासाठी केलेली छोटी भाकरी. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढचा पिच्चर सिद्रामांना दिसला नाही. संपल्यावर नावं वर सरकू लागली, तोच दारं उघडली. ऊन पडद्यावर पडलं आणि नावं धुऊन गेली. ते बाहेर सायकलींपाशी आले आणि त्यांनी फोन लावला.

"जय भीम, आप्पा. बघितलात?"

"बघितला."

"कळला?"

"न्हाय. मासं छत्रीत का ऱ्हात्यात ते काय कळलं न्हाय."

"कुणालाच नाही कळलं, आप्पा."

"करंगळी तू केलीस?"

"त्यांनी नुसते हात सांगितले होते. चानकी माझी, त्यांना आवडली म्हणून ठेवली. मी व्हिडिओवर आईला बघून करायची. दवाखान्यातसुद्धा. परात नव्हती तर ती चादरीवर थापून दाखवायची. म्हणायची, नीट बघ, पुन्हा कोण दाखवंल."

चांगुणाबाईंचा चादरीवर थापणारा हात सिद्रामांना आठवला. भ्रमात आहे, असं वाटून त्यांनी तो दोन्ही हातांत धरून थांबवला होता. ती त्यांच्याकडे बघून नुसती हसली होती.

"आप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "दीड तारा म्हनं. त्या दिग्विजयला कुनी चानकी दिली नसंल."

पोरगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. ते थांबले. रिक्षातून निंगव्वाक्का हाका मारत होत्या.

"कदी येतीस?" त्यांनी विचारलं.

"सुट्टी मिळाली की."

"ये तुझ्या सवडीनं," ते बोलून गेले. वाक्य आपलं नाही, हे त्यांना तोंडातून निघाल्यावर कळलं.

"पर ये."