शेडभर लाकडं

ब्रायनीचं बाळ तीन आठवड्यांचं, बाहेर दंव पडायला लागलेलं, आणि लाकडाच्या चुलीवर तगणाऱ्या त्या घरातली ऊब डॅरिलच्या शब्दावर. हिलरीच्या मनातून ही धास्ती काही केल्या जाईना.

डॅरिल तिचा जावई, ब्रायनीचा नवरा. इंग्लंडात श्रॉपशरमधल्या एका टेकडीवर जळाऊ लाकडं विकायचा. त्याच्या तोंडून आकडा म्हणून कधी निघाला नाही. सगळं कसं ट्रॉलीभर, ट्रकभर, शेडभर. लग्नाला म्हणे याच्याकडून जहाजभर माणसं येणार होती. आली अकरा, त्यातले दोघे बँडवाले. उरलेलं हॅम हिलरी आठवडाभर खात होती. धंद्यातही तीच तऱ्हा. ओंडके ट्रॉलीत आडवेतिडवे फेकायचे, म्हणजे ढीग उंच दिसतो. गिऱ्हाइकानं नीट रचायला घेतलं की निम्मी हवाच निघायची. त्यामुळे गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक यंदा फिरकत नसे, आणि हा पबमध्ये बादलीभर बिअर रिचवून सांगायचा, कामाचा नुसता डोंगर पडलाय.

रविवारी ती बाळाला बघायला गेली, तेव्हा डॅरिल पायरीवर चहा पीत बसला होता.

"सासूबाई, कपाळावरच्या आठ्या जरा घरी ठेवून येत जा. शेडभर लाकडं आहेत. एप्रिलपर्यंत बघायला नको."

"वाळलेली आहेत ना?"

"हाडासारखी खडखडीत."

"आई, आल्या आल्या सुरू करू नकोस," ब्रायनी आतून म्हणाली. "मागेच सांगितलंय. त्याच्याबद्दल एक शब्द काढलास तर बाळाला बघायला येऊ नकोस."

हिलरी चुलीसाठी चार लाकडं आणायला स्वतःच शेडमध्ये गेली. शेड दारापासून छतापर्यंत गच्च दिसत होती. तिनं वरचे ओंडके काढले, तर हात सरळ पलीकडे गेला. एकच रांग होती, भिंतीसारखी रचलेली. मागे त्याची मोटरसायकल आणि रिकामे क्रेट. हातातला ओंडका ओला, सालीखाली अजून हिरवा.

गिऱ्हाइकाला असं गंडवणं एक वेळ समजता येतं. या बहाद्दरानं बायकोला दिसावी म्हणून भिंत रचली होती. तेवढ्या मेहनतीत खरी लाकडं आली असती.

ती आत आली तेव्हा ब्रायनी बाळाला पाजत होती आणि तो शेजारी बसून बाळाच्या पायाशी खेळत होता. हिलरीनं लाकडं चुलीजवळ ठेवली आणि ती घरी आली.

घरी तिच्या मागच्या खोलीत हीटर होता, मायलेकरांची तिथं सोय झाली असती. कोट न काढताच ती खुर्चीत बसली. मुलगी रुसेल, महिनोन् महिने बोलणार नाही, कदाचित बाळही दाखवणार नाही. रुसू दे. शेडमधल्या त्या भिंतीमागे काय आहे, ते तिला कळायलाच हवं.

हिलरीनं फोन जवळ ओढला आणि ब्रायनीचा नंबर फिरवला.