लोटूनानांची पाठ

लोटू कडूंचा चेहरा कसा आहे, असं कोणी विचारलं असतं तर निम्मं बुऱ्हाणपूर डोकं खाजवत बसलं असतं. पाठ मात्र पोरासोरांनाही ठाऊक होती. हसू नका, खरं सांगतोय. एखाद्याला त्याच्या गळ्यासाठी मान मिळतो, एखाद्याला मनगटासाठी. आमच्या लोटूनानांना पाठीसाठी मिळाला, आणि तोही हॉकीच्या मैदानात.

नाना मूळचे निंबोल्याचे. घरची शेती मोठ्या भावानं सांभाळली, आणि हे शहरात येऊन शनवारा दरवाजाच्या जकात नाक्यावर नोकरीला लागले. ही इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट आहे. नाक्यावरच्या माणसाला तेव्हा कोण प्रेमानं रामराम करणार? कापसाच्या गाड्या यायच्या, केळीचे घड यायचे, गाडीवान तोंडावर गोड बोलायचे आणि दरवाजा ओलांडला की नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. बायको गोदाबाई कुरकुरायची, "या गावात आपल्याला कुत्रंही ओळखत नाही हो!" नाना नुसते हसायचे, पण त्यांनाही ते आतून लागायचं.

गावात कॉलेज नव्हतं. शिकायचं तर पोरानं ट्रंक उचलायची आणि नागपूर नाहीतर इंदूर गाठायचं. पण दिवाळीला ही सगळी पोरं घरी यायची, अंगाला उटणं लागायच्या आधी हॉकीच्या काठ्या बाहेर काढायची, आणि त्यांची एक टीम व्हायची. गाव त्यांना 'कॉलेजवाले' म्हणायचं. भाऊबीज झाली की अमरावतीच्या एका कॉलेजची टीम रेल्वेनं यायची आणि तापीवरच्या राजघाटाच्या वरच्या अंगाला, परकोटाबाहेरच्या, म्हणजे गावाच्या तटाबाहेरच्या मैदानात मॅच व्हायची. वर्षातून एकच, आणि जिंकेल त्याला कप. त्या दिवशी बाजार बंद. पुरुष मैदानाच्या कडेनं, बायका वर परकोटावर, पार फोपनार गावापासून बैलगाड्या भरभरून माणसं. गावाला ओरडायला शिकवायचे पंडित मास्तर. शाळेत गणित शिकवणारा हा गंभीर माणूस, पण त्या दिवशी गळ्यात ताशा अडकवून असा काही नाचायचा की त्याचेच विद्यार्थी तोंडात बोटं घालायचे.

नाना पहिल्यांदा मॅचला गेले ते नाक्यावरची पाळी संपवून, धापा टाकत. आपण एका गोलनं पुढे होतो. नाना गवतावर टेकले आणि अमरावतीनं गोल केला. जरा वेळानं ते पाणी प्यायला उठून गेले, तर आपला गोल! परत येऊन बसले, पुन्हा त्यांचा गोल. कोणीतरी म्हणालं, "हा नाकेवाला पांढऱ्या पायाचा दिसतो." शेवटी आणखी एक गोल खाऊन हार झाली आणि ती बरोबर नानांच्या माथी बसली.

दुसऱ्या वर्षी पंडित मास्तरांनी त्यांना मैदानाच्या तोंडाशीच गाठलं. मास्तर हात जोडून म्हणाले, "नाना, तुम्ही या, बसा, पान खा. फक्त तिकडे तापीकडे तोंड करून बसा. एवढे उपकार करा गावावर." नानांना वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? वाटलंच. पण इतक्या माणसांसमोर कुठे तमाशा करायचा? बसले बिचारे नदीकडे तोंड करून. आणि त्या दिवशी आपण जिंकलो.

झालं! मग पुढल्या साली नानांना हिवतापानं गाठलं आणि ते घरीच राहिले. तेव्हा आपण सपाटून मार खाल्ला. आता गावाला कोडं पडलं. नजर वाईट म्हणावी, तर माणूस घरीच होता. शेवटी चौकाचौकांत चर्चा होऊन निकाल लागला की नजर वाईट आहे, पण पाठ गुणाची आहे. पाठ मैदानात पाहिजेच. त्यानंतर एकदा नानांना पुन्हा ताप भरला, तर लोकांनी त्यांना बाजेसकट उचलून आणलं, घोंगडीत गुंडाळून नदीकडे तोंड करून ठेवलं, आणि मॅच मारली. आता सांगा, कोणाच्या बापाची हिंमत होती नाही म्हणायची?

त्या दिवसापासून रीतच पडली. सकाळी ताशा वाजवत लोक नाक्यावर यायचे, नानांना हार घालायचे, मिरवत मैदानात न्यायचे. "फिरवा, नाना, पाठ फिरवा!" असा गजर व्हायचा. नाना बसले की एकेक खेळाडू त्यांच्या पाठीला हात लावून मैदानात उतरायचा. अमरावतीच्या एका नव्या पोरानं एकदा मोठ्या काळजीनं विचारलंही होतं, "हे काका रुसलेत का?"

आणि खरं सांगायचं तर नाना कधीच रुसले नाहीत. ज्या गावात कुत्रं ओळखत नव्हतं त्या गावात आता सराफ्यातला शेठसुद्धा गाडी थांबवून विचारायचा, "काय नाना, तब्येत ठीक ना?" गाडीवानांनी शिव्या देणं सोडलं. गोदाबाईला हळदीकुंकवाची बोलावणी येऊ लागली. नाना देवापुढे दिवा लावताना म्हणायचे, "या गावानं मला आपलं म्हटलं. आणखी काय पाहिजे?" खेळाचा नाद त्यांना मनापासून होता. नदीकडे बघत ते कानानं मॅच ऐकायचे. काठीवर चेंडू बसल्याचा आवाज, धावणारे पाय, गावाचा श्वास अडकल्याची शांतता. गोल झाला की त्यांनाही कळायचं, फक्त मागाहून.

पण मग त्यांचा सुधाकर मोठा झाला आणि नागपूरला कॉलेजात जाऊन कॉलेजवाल्यांच्या टीममध्ये आला. पुढच्या फळीत, अगदी मधोमध. गाव म्हणायचं, असा खेळाडू झाला नाही. नानांनी ते फक्त ऐकलं. त्यांनी पोराला सराव करतानाही कधी बघितलं नाही. तसं करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच मनाशी ठरवून टाकलं होतं. मैदानाकडून जायची वेळ आली तर ते लांबच्या गल्लीतून जायचे. माझी नजर लागून पोराचा पाय मोडला तर, एवढीच त्या माणसाची धास्ती.

असं करता करता सुधाकरचं शेवटचं वर्ष आलं. रेल्वेत नोकरी लागली होती, पार बंगालकडे. पुन्हा दिवाळीला येईल न येईल. ही त्याची शेवटची मॅच, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "बाबा, उद्या बघा ना."

नाना घास हातात धरून थांबले. "नाही रे बाबा. हरलात तर?"

"हरलो तर हरलो."

"तुझं ठीक आहे. गावानं इतकी वर्षं विश्वास टाकला माझ्यावर. तो मी कसा मोडू?"

गोदाबाईनं पातेलं आपटलं. पण बोलली काही नाही. ती बोलली नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, हे नानांना कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा थाट झाला. ताशा वाजला, हार पडला, गजर झाला. नाना तापीकडे तोंड करून बसले. खेळाडू एकेक करून पाठीला हात लावून गेले. सुधाकरचा हात त्यांना ओळखू आला, कारण तो जरा जास्त वेळ राहिला. मग खेळ सुरू झाला. नाना पाण्याकडे बघत होते आणि कान मागे होते. "सुधाकर! सुधाकर!" असा आवाज उठायचा आणि वळू बघणारी मान ते पुन्हा नदीकडे ओढायचे. एकदम सगळं मैदान फुटलं. शेजारचा माणूस ओरडला, "नाना, तुमच्या पोरानं मारला! तुमच्या पोरानं!" नानांनी मान हलवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. समोर एक म्हैस पाण्यात डुंबत होती. पोरानं गोल मारला तेव्हा बापानं काय बघितलं, तर म्हैस.

हाफटाइम झाला आणि परकोटावरून गोदाबाई खाली उतरली. बाई पुरुषांच्या गर्दीत शिरली म्हटल्यावर लोक गडबडून बाजूला झाले. ती सरळ पंडित मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, पण आवाज खणखणीत.

"मास्तर, इतकी वर्षं माझा नवरा तुमच्यासाठी नदीकडे बघून राहिला. कधी तक्रार केली?"

"नाही, वहिनी. कधीच नाही."

"आज त्याला पोरगा बघू द्या. हरलात तर मला शिव्या द्या. भर चौकात द्या."

नाना पाठमोरेच ओरडले, "अगं, तू जा वर! मास्तर, तिचं मनावर घेऊ नका. एकाच गोलचा तर फरक आहे!"

 मास्तरांच्या ताशाच्या काड्या हातातच राहिल्या. नानांना पहिल्यांदा नदीकडे त्यांनीच फिरवलं होतं, आणि ते या घडीला त्यांना आठवलं असणार. मग त्यांनी गर्दीकडे वळून तोंडाशी हात धरले. "बोला रे! कप पाहिजे, का नानांना फिरवायचं?"

 आपलं गाव काही संतांचं नव्हे, महाराज! कप सगळ्यांना पाहिजे होता. वर्षभर अमरावतीवाल्यांना चिडवायचं सुख कोणाला नको असतं? लोक एकमेकांची तोंडं बघत राहिले. इतक्यात मागून फोपनारचा एक म्हातारा शेतकरी, बैलगाडीवर उभा राहून ओरडला, "अरे विचारता काय? बाप आहे तो! फिरवा!"

"फिरवा!" कोणीतरी दुसरं म्हणालं. मग दहा जण. मग सगळं मैदान, वर परकोटावरच्या बायकासुद्धा, "फिरवा! नानांना फिरवा!" ज्या सुरात इतकी वर्षं 'पाठ फिरवा' म्हटलं होतं, त्याच्या दुप्पट मोठ्यानं. मास्तरांनी नानांचे खांदे धरले. नाना अंग चोरून बसले होते, डोळे मिटून. "उघडा नाना," मास्तर म्हणाले, "गाव सांगून राहिलं तुम्हाला."

नानांनी डोळे उघडले.

मैदान त्यांच्या मनात होतं त्यापेक्षा खूपच लहान निघालं. धूळ होती, ऊन होतं, खेळ पुन्हा सुरू झाला, आणि त्यात एक उंच पोरगा धावू लागला, डावा खांदा जरा खाली टाकून. नानांचे वडील निंबोल्याच्या शेतात असाच खांदा टाकून चालायचे. हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि कानांनी ते कळलंही नसतं. सुधाकर पडला, तर हसतच उठला. चेंडू हातचा गेला तर स्वतःच्याच कपाळावर थापटी मारायचा. पोरगा खेळताना बोलतो! सारखा बोलतो, आपल्यांशी, समोरच्यांशी, चेंडूशीसुद्धा. घरात तोंडातून शब्द न काढणारा हा पोरगा! नानांना हसू आवरेना. ते शेजाऱ्याला ढोसून म्हणत होते, "बघ, बघ, बोलून राहिला!" जसं काही शेजाऱ्यानं आधी कधी बघितलंच नव्हतं.

आणि अमरावतीनं गोल केला.

नानांचं हसू जागीच विरलं. ते झटकन नदीकडे वळले, आपली जागा धरायला. पण मागच्या माणसांनी त्यांना वळू दिलं नाही. दोघांनी खांदे धरले, एकानं तर चक्क हनुवटी धरून तोंड सरळ केलं. "इकडे बघा नाना, तिकडे म्हशीच आहेत." गर्दीत हशा पिकला. पुढे सुधाकरनं दोन वेळा चेंडू थेट गोलापर्यंत नेला, दोन्ही वेळा अमरावतीच्या गोलरक्षकानं अडवला. आणि खेळ संपता संपता अमरावतीनं दुसरा गोल केला.

हरलो. कप गेला. आपण हरलो की पाच मिनिटांत मैदान ओस पडायचं. त्या दिवशी कोणी जागचं हललं नाही. नाना मान खाली घालून बसले होते, आता शिव्या सुरू होणार म्हणून. शिवी आली नाही. एक जण म्हणाला, "काय खेळला हो तुमचा पोरगा!" दुसऱ्यानं त्यांना पान दिलं. पंडित मास्तरांचा आवाज पार बसला होता, ते नुसतेच त्यांचा हात हातात घेऊन उभे राहिले. नानांना रडू फुटलं. ते हात जोडून चारी दिशांना वळून म्हणत राहिले, "फार केलंत माझ्यासाठी. फार केलंत हो." एवढ्या मोठ्या गावानं आपल्यासारख्या नाकेवाल्यासाठी कप सोडून दिला, हे त्यांना खरंच वाटेना.

गर्दीतून वाट काढत सुधाकर आला. अंगभर धूळ, गुडघा फुटलेला. बापापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"हरलो, बाबा."

"हो रे," नाना म्हणाले. रडून लाल झालेला त्यांचा सगळा चेहरा हसत होता. "हो रे! बघितलं मी!"