पानशेतचा मुका पाहुणा

बडबड्या माणसाची फजिती व्हायची तर कशात व्हावी? बोलण्यातच ना? माझी गप्प बसण्यात झाली. आणि अशी झाली, की आजही पानशेतकडे गाडी वळवायची म्हटलं तर कान गरम होतात. ऐकाच आता.

मी भोरचा, विमा विकतो. म्हणजे तोंड हेच माझं दुकान. समोरच्यानं दार लावून घेतलं तर मी खिडकीतून बोलणारा माणूस. आणि आमची सई, पाच वर्षांची, ती स्वमग्न आहे, तोंडानं अजून बोलत नाही. पण तिच्याकडे टॅबलेट आहे. त्यात चित्रं असतात. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द मोठ्यानं म्हणतो. घरात सईला हे छान जमायला लागलं होतं. तहान लागली की पेल्यावर बोट. पण एका वेळी एकच शब्द, आणि तोही फक्त आम्हा दोघांपाशी. परकं माणूस दिसलं की हात पाठीमागे!

तिला शिकवणाऱ्या ताईंनी मला एकदा समजावलं. मूल बोलायला शिकतं ते आजूबाजूची माणसं बोलताना बघून. मग चित्रांनी बोलायला शिकायचं तर तिच्यासमोर कुणीतरी चित्रांनी बोललं पाहिजे. तेव्हा तुम्हीही टॅबलेटवर बोला, आणि तोंडानं जरा कमी बोला. पुढंही त्या काहीतरी सांगत होत्या, पण तोवर मीच बोलायला लागलो होतो.

तर माझी मेव्हणी पानशेतला दिलेली. तिला बाळ झालं, म्हणून आम्ही बघायला निघालो. सईला गर्दीचा कलकलाट सोसत नाही, त्यामुळे मुद्दाम आडवार धरला. वेल्ह्याकडून घाट उतरून पोचलो, तर बाळ रडत असलेलं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. सईनं लगेच कान झाकले. माझी बायको वर्षा म्हणाली, तुम्ही दोघं जवळच्या हॉटेलात बसा, मी जाऊन येते.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार बाकडी. मालकीण मावशी स्वतःच कढईपाशी. मी ठरवलं, आज ताईंनी सांगितलेलं करूनच दाखवायचं. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही.

मावशींनी विचारलं, काय देऊ? मी टॅबलेट पुढं केला आणि बोट ठेवलं. आता या टॅबलेटचा आवाज आहे चिमुरड्या पोरीचा. माझ्या मिशा तुम्ही पाहिल्यात. त्या मिशांसमोरून आवाज आला, "भजी. हवी."

मावशींनी एकदा टॅबलेटकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "आगं बया. बोलता येत न्हाई व्हय?"

खरं तर तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण सई माझ्या बोटाकडं टक लावून बघत होती. इतका वेळ ती कुठंच बघत नाही. तो धागा मला तोडवेना. म्हणून मी नुसती जोरजोरात मान हलवली. नाही हो, तसं काही नाही, अशा अर्थानं. मावशींनी अर्थ घेतला, नाही, बोलता येत नाही. झालं!

भजी आली, आणि शेजारच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी मला चर्चेला घेतलं. अगदी मोकळ्या आवाजात. मुकं म्हणजे बहिरं असणारच, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मिशा बघ कशा राखल्यात, एकजण म्हणाला. दुसऱ्याला प्रश्न पडला, याला पोरगी दिली कुणी? मग पोरगीबी बापावरच गेलेली दिसती, असा निकालही लागला.

आधी मला हसू आवरेना. मग हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं. सईच्या डोक्यावरून माणसं रोज असंच बोलतात की हो. आणि तिला सगळं ऐकू येतं.

एवढ्यात त्यातला एक म्हातारा उठून आला आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "गाव कुठलं?"

भोरचं चित्र टॅबलेटमध्ये कुठून असणार? म्हटलं, निदान घराचं दाबावं. गडबडीत बोट शेजारी पडलं. टॅबलेट खणखणीत म्हणाला, "मला शू आली."

म्हाताऱ्यानं लगेच माझा हात धरला. माझ्या एका हातात सई, दुसरा हात त्याच्या हातात, अशी आमची वरात हॉटेलामागं गेली. म्हातारा बाहेर थांबला. मी आलो तेव्हा त्यानं खुणेनं विचारलं, झाली का? मी खुणेनंच सांगितलं, झाली. आता तुम्हीच सांगा, एवढं झाल्यावर कुठल्या तोंडानं बोलायचं?

परत येऊन बसलो. सईनं उरलेली भजी संपवली. मावशी ताटली उचलायला आल्या, आणि सईनं टॅबलेट स्वतःकडं ओढला. मावशींच्या तोंडाकडं नाही, पदराच्या काठाकडं बघत तिनं एक बोट ठेवलं. "अजून." थांबली. पुन्हा ठेवलं. "भजी."

दोन शब्द! जोडून! आणि तेही परक्या बाईला! मी बाकावरून उठलोच.

"मावशी, ऐकलंत का? अजून भजी म्हणाली ती!"

 मगाचच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले आणि पुटपुटला, "मुकं बोललं रं." दुसरा तर सरळ माझ्या पायाकडं वाकायला लागला. मी त्याला धरतोय, मावशी ताटली हातात धरून माझ्याकडं बघतायत, रस्त्यावरची दोन माणसंही आत डोकावतायत. आणि ज्या पोरीनं खरा पराक्रम केला तिच्याकडं कुणाचंच लक्ष नाही. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "अजून. भजी." या वेळी जरा जोरात दाबलं होतं.

मावशी भानावर आल्या आणि त्यांनी गरम घाणा तिच्या ताटलीत घातला. सई दोन्ही हात फडफडवत खूश!

मग मी खुलासा करायला घेतला. आता साठून राहिलेलं सगळंच बाहेर पडणार ना. टॅबलेट, चित्रं, ताई, सईचा पहिला शब्द, भोरचं घर, माझा धंदा, आणि बोलता बोलता म्हाताऱ्यांच्या वयाला कुठला विमा बसेल तेही. एक म्हातारा चहा अर्धा सोडून उठला. दुसरा त्याच्या मागोमाग.

तेवढ्यात वर्षा आली. मी तिला सगळं सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ताईंनी बोलता बोलता चित्र दाबायला सांगितलं होतं. मौन कुणी धरायला सांगितलं?"

मी त्यावरही बोलायला लागलो. मावशी झारा हातात धरून ऐकत होत्या, कधी माझ्याकडं बघत, कधी वर्षाकडं. शेवटी त्यांनी वर्षाला जवळ बोलावलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"मगाशी न्हवरा मुका हाय म्हून तुजी लई कीव आली व्हती, बाई. आता कळलं, माजंच चुकलं. तवाच तुजं बरं व्हतं."