मांजरसुंब्याचं धुलाई केंद्र आणि माझी सोयरीक

ज्या गावात नळ नव्हता, त्या गावात मी गाड्या धुण्याचं मशीन आणलं. यात काही चुकतंय हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

ते खुल्या अर्थव्यवस्थेचे दिवस होते. निदान पेपरात तरी तसं छापून येत होतं. आमच्या मांजरसुंब्याच्या चौफुल्यावर त्यातलं एवढंच पोचलं की धाब्यांवर रंगीत टीव्ही आले आणि रस्त्यानं नव्या नव्या गाड्या पळायला लागल्या. सगळ्या धुळीनं माखलेल्या! एवढी धूळ आणि धुणारा कोणी नाही, म्हणजे हा धंदा देवानं माझ्यासाठीच राखून ठेवलाय, अशी माझी खात्री झाली. मला तेव्हा एका जागी दहा मिनिटं बसवत नसे. औरंगाबादेहून डिझेल इंजिनवर धडधडणारं प्रेशरचं मशीन आणलं, घरापुढं पत्र्याच्या शेडात बसवलं आणि 'आधुनिक धुलाई केंद्र' अशी पाटी स्वतःच रंगवली. पाणी कुठून आणणार, असं आईनं विचारलं, तेव्हा तुला धंद्यातलं कळत नाही, असं मी तिला सांगितलं. (वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर आई चालवायची, शब्दही तिचाच चालायचा. मूर्खपणाचा कारभार तेवढा माझ्याकडं होता.)

पाणी यायचं ट्रॅक्टरच्या टँकरनं, तेही त्याला वाटेल तेव्हा. त्याची धडधड ऐकू आली की चुलीवरची भाकरी तव्यावर सोडून अख्खी आळी घागरी घेऊन पळायची. पहिल्या महिन्यात माझ्या केंद्रावर तीन ट्रक थांबले. दोन ड्रायव्हरांनी प्यायला पाणी मागितलं. तिसऱ्यानं अंघोळ केली.

अशात माझी सोयरीक निघाली. मुलगी धारूरची, नाव सुमन. आम्ही बघायला गेलो तेव्हा सगळे मला शिक्षण विचारत होते, शेती विचारत होते. तिनं मान वर करून एकच विचारलं, "तुमच्याकडं पाणी कुठून आणावं लागतं?"

आमच्या भागात मुलीकडचे आधी घर बघत नाहीत, पाणी बघतात. हंडा डोक्यावर घेऊन मैलभर चालायला आपली पोर कोण देईल? हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ती बघत होती माझ्याकडं, आणि मला ती एवढी आवडली होती की जीभ माझी राहिली नाही.

"पाण्याचं काय घिऊन बसलात," मी म्हणालो, "आमी तर पाण्यानं ट्रक धुतो."

पोह्याची बशी हातात धरलेली आई माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मला ती पहिल्यांदाच बघत होती. सुमनचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, खूश झाले. येत्या सोमवारी घर बघायला येतो म्हणाले.

सोमवारपर्यंत माझा डोळा लागला नाही. आईनं टँकरवाल्याच्या हातापाया पडून एक खेप थेट आमच्या हौदात रिकामी करून घेतली. हौद काठोकाठ भरला. त्यावर तिनं पत्रा टाकला, पत्र्यावर पोतं आणि पोत्यावर दगड. पाहुण्यांचा स्वयंपाक, पिणं, हात धुणं, सगळं त्यावरच होतं.

"शिवा," ती म्हणाली, "या हौदाला हात लावलास तर बाशिंगाचं नाव इसर."

मी शपथ घेतली. पाहुणे आल्यावर ती मोडायला मला पाऊण तास लागला.

तात्या जीपनं आले, बरोबर त्यांची बहीण, म्हणजे सुमनची आत्या. घाटातून आलेली जीप धुळीनं अशी भरली होती की मूळ रंग ओळखू येईना. चहा झाला. तात्यांनी घर बघितलं, गोठा बघितला. आत्याबाई मात्र परसात गेल्या, कोपरा न कोपरा बघून परत आल्या आणि खाली बसत म्हणाल्या, "नळ दिसंना कुटं. बाईनं पानी आणायचं कुटून?"

आईनं तोंड उघडलं तोवर माझ्या पायांनीच निर्णय घेतला. बोलून पटवण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं म्हणत मी शेडात गेलो, दगड, पोतं, पत्रा बाजूला केला, पाइप हौदात सोडला आणि इंजिनला हँडल मारलं.

काय ते पाणी! जीपवरची धूळ चिखल होऊन वाहायला लागली. टपावर मारलं, चाकांवर मारलं, खाली झोपून बुडाला मारलं. तात्या वाहवा करत होते. आत्याबाई जवळ आल्या आणि त्या बाजूनं राहिलंय, अजून मारा, असं सांगायला लागल्या. मी मारलं. खिडकीत ठेवलेली त्यांची पानाची चंचीही धुऊन काढली! आई दारात उभी राहून हातानं खुणा करत होती. मला वाटलं, तीही वाहवाच करतेय.

आणि तेवढ्यात आळी आली.

इंजिनची धडधड, वाहतं पाणी. बायांना दुसरं काय वाटणार? घागरी, हंडे, कळशा, एकीच्या हातात तर दुधाचा कॅन. शेजारची शांतामावशी सगळ्यात पुढं. क्षणात माझ्या धुलाई केंद्रापासून धाब्यापर्यंत रांग लागली, रांगेत भांडण लागलं, आणि तात्या त्या रांगेकडं एकटक बघत राहिले.

"टँकर कुटं थांबलाय?" शांतामावशीनं विचारलं.

मी उत्तर देण्याआधी मशीनच बोललं. फुर्र केलं, दोनदा खोकलं, आणि नुसती हवा सोडायला लागलं. हौदाच्या तळाशी एक बेडूक तेवढा उरला होता.

जेवणं झाली. आधीच केलेला स्वयंपाक तेवढा वाचला होता. खरी परीक्षा पुढं होती. चार माणसांचे हात आमटीनं माखलेले आणि घरात थेंब नाही. आई तांब्या घेऊन शांतामावशीकडं गेली, तर ती स्वतःच रिकामी घागर घेऊन दारात बसलेली. शेवटी तात्या उठले. जीपमध्ये रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा कॅन त्यांनी आणला आणि मला म्हणाले, "करा हात फुडं, पाव्हणं."

पाहुण्याच्या गाडीचं पाणी यजमानाच्या हातावर पडलं. मला तिथल्या तिथं मातीत शिरावंसं वाटलं. गेली सोयरीक, गेली सुमन. जीप लखलखत निघून गेली.

आठ दिवस मी मशीनकडं बघितलं नाही. नवव्या दिवशी तात्या एकटेच आले. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि खोटं बोललो म्हणून कबूल केलं. ते म्हणाले, "आत्याबाईंचा नकार हाय. पर सुमनला समदं सांगितलं, तर पोट धरून हसली ती. म्हनली, मानूस लबाड न्हाई, येडा हाय. येड्याला पानी दिलं तर कामाला यील. आमची इहीर बारमाही हाय, रस्त्याला लागूनच. मशीन तिकडं बसवू."

"आन् मी?" मी विचारलं.

"मशीन कोन चालवनार मग?"

मी आईकडं बघितलं. तिला एकटीला टाकून मी कसा जाणार होतो? तिनं मात्र तात्यांना एवढंच विचारलं, की विहीर घरापासून किती लांब आहे. वीस पावलं, ते म्हणाले. आई उठून बांधाबांध करायला आत गेली.

लग्नानंतर मुलगी सासरी जाते. आमच्यात मुलगी जागेवरच राहिली आणि नांदायला मी गेलो. लग्नासाठी धारूरला निघालो तेव्हाच माझ्या पाठवणीला आळी जमली, पण आमच्याकडून रडायला कोणीच नव्हतं. आई तात्यांच्या जीपमध्ये पुढं ऐसपैस बसली होती. आणि मी, नवरदेव, मुंडावळ्या सावरत मागं उकिडवा बसलो होतो, घाटात मशीन खाली पडू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून.