गाठ मारलेली वायर

आमच्या मच्छीमार सोसायटीत दोन कॉम्प्युटर आहेत. सभासदांची यादी बाहेरच्या कॉम्प्युटरवर होती आणि प्रिंटर आतल्याला. यादी काही केल्या आत जाईना. संध्याकाळपर्यंत ती तालुक्याला पोचली नसती, तर आमच्या तलावाचा ठेका दुसऱ्यांना गेला असता.

आरमोरीहून दुरुस्तीला एक बाई आली. नाव मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ओढणी कमरेला बांधून ती सरळ टेबलाखाली शिरली आणि दोन्ही कॉम्प्युटरांना जोडणारी निळी वायर बोटांनी चाचपत गेली. मध्येच हसली.

"ही गाठ कोनं मारली जी?"

"मीच मारली, जाळं विणताना मारते तशी. उंदरानं वायर तोडली होती."

"गाठ मजबूत हाय, बाई. यातून मासा सुटत नाई, पन फाईलही जात नाई."

"मंग हसून काऊन राह्यली? कर नीट."

तिनं कुरतडलेला भाग कापला आणि उरलेल्या वायरीला नवी पिन बसवली. यादी आत गेली, कागद निघाले. सचिव ते घेऊन पळाला. तलाव राहिला.

मग तिनं कापलेला तुकडा माझ्यापुढे धरला. "आता ही गाठ मले शिकवा."

तीनदा चुकली. शिकलेली माणसं माझ्यासमोर चुकायला लाजतात. ती लाजली नाही, चौथ्यांदा वायर हातात घेतली.