जाळपट्ट्यातला माझा तुकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ‘हे माझ्यापासून काही लपवत नाहीत,’ असं ती चारचौघांत कौतुकानं सांगते, तेव्हा मी उठून पाणी प्यायला जातो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तात्यांना ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

तात्या म्हणजे माझे चुलते, वडिलांचे चुलतभाऊ. सातारा जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव, आणि आमच्या घराला लागून त्यांचं घर. वडील इकडे नवी मुंबईच्या बाजारात पोती वाहायला आले आणि आम्ही तुर्भ्यात वाढलो. पण सुट्टीत गावी गेलो की मी तात्यांच्याच ताटात जेवायचो. भाकरीचा पापुद्रा सोडवून, त्याला तूप लावून ते माझ्या हातावर ठेवायचे आणि खालची जाड बाजू स्वतः खायचे. माया म्हटली की मला अजून तो पापुद्राच आठवतो.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर जाळपट्टा काढतात. गावाच्या वरच्या अंगाला वाळलेलं गवत रुंद पट्ट्यात कापायचं, आणि मागे उरलेलं डोळ्यांत तेल घालून जाळून टाकायचं. म्हणजे डोंगरावरून वणवा उतरला तरी तिथं येऊन थांबतो. घरटी एक माणूस लागतोच, घर मुंबईला असलं तरी. त्या वर्षी वडिलांची पाठ धरली होती म्हणून मी गेलो — बेलापूरच्या ऑफिसात पंख्याखाली बसणारा कारकून. पारावर चेष्टा झाली, साहेबाला विळा कुठून धरायचा ते दाखवा रे. मीही हसलो. पण मला ते लागलं होतं.

माझ्या वाट्याला पट्ट्याच्या वळणापलीकडचा तुकडा आला. वळणाच्या अलीकडचा तात्यांचा. गवत मी कापलं. हाताला फोड आले, तरी कापलं. मग काडी ओढली आणि — कसं सांगू? — गुडघाभर जाळ उठला आणि माझं अवसान गळालं. बूट आपटून आपटून मी तो विझवला. पुन्हा काडी ओढायला हात होईना. तात्यांना हाक मारता आली असती, नाही का? त्यांचं खोकणं मला ऐकू येत होतं. आले असते, काही न बोलता जाळून दिलं असतं. पण पारावर कळलं असतं तर? जाळाला भ्याला, म्हणाले असते. बस, तेवढंच. तेवढ्यासाठी मी तात्यांच्या तुकड्यातली गार झालेली राख उचलली आणि हातांना फासली. कपाळालाही फासली. एवढं बरं सुचलं मला.

जाणती माणसं पट्टा बघत आली तोवर अंधारून आलं होतं. कुणीतरी वळणाकडे निघालं, तर तात्या म्हणाले, "पोराचं म्या बगितलंय, चोख हाय." त्यांनी बघितलं नव्हतं. राखेनं माखलेला मी त्यांना दिसलो होतो, आणि तेवढं त्यांना पुरलं.

होळीनंतर वणवा आला. वळणावरून आत शिरला. लोकांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून घरं वाचवली, पण कडेचा हौसाकाकूंचा गोठा गेला. त्या एकट्या बाईचा संसार एका म्हशीवर चालायचा. म्हैस दावणीलाच जळाली. मला हे इथं फोनवर कळलं. आग तात्यांच्या तुकड्यातून आली की माझ्या? सगळं जळून गेल्यावर कुणाला काय कळणार? तात्याच गावाला म्हणाले, माझाच तुकडा कच्चा राहिला असेल. मग आपली गाय सोडली आणि काकूंच्या अंगणात बांधून आले.

मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

गावची होळी पेटवायचा मान तात्यांचा होता. पुढच्या वर्षी त्यांनी तो सोडला. त्यानंतर त्यांनी काडीच हातात धरली नाही. आता त्यांच्या मुलानं त्यांना तुर्भ्याला आणलंय. मुलगा-सून दोघं कामाला जातात; सून थर्मासमध्ये चहा भरून ठेवते, कारण तात्या गॅसला हात लावत नाहीत. देवापुढची उदबत्तीसुद्धा ती आल्यावर लागते. घरचे म्हणतात, वय झालं. मीही मान हलवतो. वय नाही हो — त्यांना स्वतःच्या हातांची खात्री राहिली नाही, आणि ती मी घालवली.

गेल्या मार्चात मी आणि तात्या असेच त्यांच्या गॅलरीत बसलो होतो. समोरचा डोंगर पेटला होता. इथंही दर उन्हाळ्यात पेटतो. तात्या बराच वेळ बघत राहिले.

"येक इचारू?" ते म्हणाले. "तुजा तुकडा समदा जळला हुता न्हवं रं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता कोण हसणार होतं मला? केस पिकलेत माझे. घरात आम्ही दोघंच होतो. ते रागावले नसते, हेही मला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता.

"हो तात्या," मी म्हणालो. "सगळा जळला होता."

त्यांनी मान डोलावली. "मंग माजाच." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कवा कवा वाटायचं, तुजाच ऱ्हायला आसंल. पाप आलं माज्या मनात. माफ कर, लेकरा."

 मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला.

"असू द्या, तात्या," मी म्हणालो. आणि मी त्यांना माफ केलं.